चिखलातली दौलत आणि तेलाचा तवंग

हिंगोली जिल्ह्याच्या नकाशावर समुद्र कुठेच नाही. कयाधू, पूर्णा, पैनगंगा या नद्या, सिद्धेश्वर आणि इसापूरचे जलाशय, औंढ्याचा नागनाथ आणि हळदीची शेते एवढी आपली ओळख. तरीही इथल्या ट्रॅक्टरमध्ये आणि एसटीच्या टाकीत जळणाऱ्या डिझेलचा माग काढला, तर तो थेट मुंबईच्या बंदरात जाऊन पोहोचतो. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून जहाजांनी येते. मुंबईत ते जवाहर द्वीपाच्या धक्क्यावर उतरते आणि नळांतून माहूलच्या रिफायनऱ्यांत जाते. तिथे तयार झालेले इंधन पाइपलाइनने मनमाडजवळच्या पानेवाडीला येते आणि तिथून टँकर मराठवाड्याच्या रस्त्याला लागतात.

माहूलच्या या रिफायनऱ्यांना खेटूनच शिवडीचा चिखल आहे. हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, याच चिखलात चोची बुडवून पोट भरतात. इंधनाची सर्वांत गजबजलेली वाट आणि किनाऱ्यावरची सर्वांत सुपीक जागा अशा एकमेकींना लागून आहेत. समुद्रात तेल सांडले की काय बिघडते आणि ते पुन्हा सुधारता का येत नाही, हे कळण्यासाठी आधी या चिखलात काय दडले आहे ते पाहिले पाहिजे.

भरती-ओहोटीच्या मधला पट्टा

महाराष्ट्राचा किनारा डहाणूपासून रेडीपर्यंत ७२० किलोमीटर असल्याचे आपण शाळेत शिकलो. खाड्यांची वळणे बारकाईने धरून केलेल्या नव्या मोजणीत हा आकडा ८७८ किलोमीटरच्या आसपास गेला. वैतरणा, ठाणे, धरमतर, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्यांतून समुद्र जमिनीत खोलवर शिरतो. भरतीला बुडणारा आणि ओहोटीला उघडा पडणारा जो पट्टा आहे, त्यातच किनाऱ्याची खरी श्रीमंती आहे.

वाळूचा किनारा वरवर ओसाड दिसतो. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांच्या संरक्षणाचे काम सुरू केले, आणि आज कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक दुरून येतात. खडकाळ किनाऱ्यावर कालवे चिकटून वाढतात. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत आणि तिथले सागरी अभयारण्य १९८७ पासूनचे आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर पाण्याखाली आंग्रिया बँक नावाचे पठार आहे. त्यावरही प्रवाळांची वस्ती आहे.

पण या सगळ्यांत चिखल सर्वांत श्रीमंत आहे. खाडीच्या काठाला तिवर, कांदळ, चिप्पी अशी खारफुटीची झाडे उभी असतात. त्या चिखलात प्राणवायू जवळपास नसतो, म्हणून तिवराची मुळे जमिनीतून उलटी वर येतात आणि त्यांच्यावरच्या बारीक छिद्रांतून झाड श्वास घेते. या झाडांची पाने गळून कुजतात. त्या कुजलेल्या पाचोळ्यावर जिवाणू आणि बुरशी वाढतात, त्यांच्यावर कोळंबीची आणि खेकड्यांची पिल्ले जगतात, आणि त्यांच्यावर माशांची पिल्ले. जिताडा, तांबर, कोळंबी, चिंबोरी यांचे लहानपण मुळांच्या या जाळ्यात जाते. मोठ्या माशाला तिथे शिरता येत नाही, म्हणून पिल्ले वाचतात. ओहोटीला निवट्या चिखलावर उड्या मारतात, आणि कोळी-आगरी बायका शिंपल्या, खुबे वेचायला उतरतात. त्यांच्या घरची रोजची कमाई बोटींवर जितकी अवलंबून आहे, तितकीच या चिखलावर आहे.

ठाण्याची खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये तिला रामसर पाणथळ क्षेत्राचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. राज्याने २०१२ मध्ये खारफुटीसाठी वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. महानगराच्या कुशीत एवढे जीवन टिकून आहे, याचे श्रेय दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीला जाते. ती अन्न आणते, बीज आणते, गाळ आणते. तेल सांडले, तर तेही तीच आणते.

७ ऑगस्ट २०१०

त्या दिवशी सकाळी एमएससी चित्रा हे कंटेनरवाहू जहाज न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून बाहेर पडत होते आणि एमव्ही खलिजिया-३ हे जहाज मुंबई बंदरात येत होते. कुलाब्याजवळच्या प्रॉन्ग्स दीपस्तंभापाशी दोघांची टक्कर झाली. चित्राच्या बाजूला भगदाड पडले, जहाज कलंडले आणि त्यावरचे कंटेनर समुद्रात कोसळू लागले. जहाजावरच्या ३३ जणांना वाचवण्यात यश आले. जहाजावर सुमारे १,२०० कंटेनर होते. त्यांतल्या काहींत कीटकनाशके होती. टाक्यांत २,६०० टनांहून अधिक इंधन तेल होते. त्यातले किती सांडले, याचे अंदाज ४०० टनांपासून ८०० टनांपर्यंत आहेत. तरंगत्या कंटेनरांमुळे दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली.

दिवस पावसाळ्याचे होते. नैर्ऋत्येचा वारा किनाऱ्याच्या दिशेने वाहत होता, त्यामुळे तेल खोल समुद्राकडे न जाता जमिनीकडे सरकले. त्यातच १० ऑगस्टला अमावास्या आली. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला उधाण येते आणि मुंबईत भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या घरात जातो. एरवी भरतीचे पाणी खारफुटीच्या कडेपर्यंत येऊन परतते. उधाणाचे पाणी अगदी आतल्या झाडांपर्यंत शिरते. त्या पाण्याबरोबर तेलही आत गेले. पाणी ओसरले, तेल मात्र मुळांवर, खोडांवर आणि चिखलावर बसून राहिले. घारापुरी, उरण, अलिबाग, नवी मुंबई असा दूरवरचा किनारा काळवंडला.

नारळी पौर्णिमा दोन आठवड्यांवर होती. पावसाळ्यातली बंदी संपून मासेमारी सुरू होण्याचे ते दिवस. त्याच वेळी मासे पकडू नका, खाऊ नका, असे सांगण्याची पाळी आली. माशाला तेल लागलेले असो वा नसो, गिऱ्हाईक बाजाराकडे फिरकेनासे झाले. जहाज परदेशी कंपनीचे, माल व्यापाऱ्यांचा, आणि हंगामाचा तोटा मात्र अपघाताशी काहीही संबंध नसलेल्या कोळीवाड्यांना.

पाण्यात पडल्यावर तेलाचे काय होते

तेल पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून ते आधी पसरते. वाऱ्याने आणि प्रवाहाने त्याचे लांबच लांब पट्टे होतात. पेट्रोल किंवा डिझेलसारखे हलके तेल असेल तर त्याचा मोठा भाग काही तासांत किंवा दिवसांत उडून जातो. जहाजांच्या इंजिनात जळणारे इंधन तेल मात्र रिफायनरीतला तळाचा, जड आणि चिकट भाग असतो. ते फारसे उडत नाही. लाटांच्या घुसळणीत त्यात पाणी मिसळत जाते आणि ग्रीससारखा घट्ट तपकिरी लगदा तयार होतो. या लगद्यात पाण्याचा वाटा ७० टक्क्यांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. म्हणजे शंभर टन तेल सांडले, तर उचलायचा माल तीनशे टनांच्या पुढे जातो. उरलेसुरले तेल महिनोन्‌महिने तरंगत राहते आणि त्याचे डांबरासारखे गोळे बनतात. गोव्याच्या आणि कोकणाच्या किनाऱ्यांवर पावसाळ्याच्या तोंडाला असे डांबरगोळे वाळूत येऊन पडतात. दूर समुद्रातून जाणाऱ्या जहाजांनी टाक्या धुऊन टाकलेली घाण हे त्याचे एक कारण आहे.

सजीवांवर तेलाचा घाला दोन प्रकारे होतो. पहिला गुदमरवण्याचा. पिसांवर तेल बसले की पक्ष्याचे अंग पाण्यापासून सुरक्षित राहत नाही, तो गारठतो आणि पिसे साफ करताना तेच तेल गिळतो. तिवराच्या श्वासमुळांवरची छिद्रे बुजली की झाडाला प्राणवायू मिळत नाही, पाने पिवळी पडतात, गळतात आणि झाड उभ्या उभ्या वाळते. दुसरा घाला विषाचा. तेलातले काही घटक पाण्यात विरघळतात आणि माशांची अंडी, कोळंबीची पिल्ले यांना अगदी थोड्या प्रमाणातही मारक ठरतात. मोठा मासा पोहून दूर जाऊ शकतो. चिखलात बीळ करून राहणाऱ्या खेकड्याला आणि शिंपल्याला जायला जागा नसते.

किती सांडले, त्यापेक्षा कुठे सांडले

१९७९ मध्ये वेस्ट इंडिजमधल्या टोबॅगो बेटाजवळ अटलांटिक एम्प्रेस या टँकरची दुसऱ्या टँकरशी टक्कर झाली आणि सुमारे २ लाख ८७ हजार टन तेल सांडले. टँकरमधून सांडलेल्या तेलाचा हा आजवरचा सर्वांत मोठा आकडा. पण ते खुल्या समुद्रात राहिले आणि किनाऱ्यांचे फारसे नुकसान झाले नाही. याउलट १९८६ मध्ये पनामाच्या किनाऱ्यावरच्या एका साठवण टाकीतून याच्या तुलनेत कितीतरी कमी तेल सांडले आणि ते खारफुटीत शिरले. तिथे शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे पाहणी केली. पावसाने चिखल धुपला की जुने तेल पुन्हा बाहेर येई आणि नव्याने उगवलेल्या रोपांना लागे. २५ जुलै २०२० रोजी मॉरिशसच्या प्रवाळांवर वाकाशिओ हे जहाज चढले, तेव्हा सुमारे हजार टनच तेल सांडले. तेवढ्यानेही त्या देशाच्या आग्नेय किनाऱ्यावर हाहाकार उडाला. लोकांनी उसाचा पाला कापडात भरून हातांनी अडथळे शिवले आणि पाण्यात सोडले.

चिखलात तेल इतके का टिकते, याचे उत्तर चिखलाच्या गुणातच आहे. तेल खाणारे जिवाणू निसर्गात असतात, पण ते काम वेगाने करायला त्यांना प्राणवायू लागतो. खारफुटीच्या चिखलात वरचा पातळ थर सोडला तर तो नसतोच. ज्या गुणामुळे पाचोळा हळूहळू कुजतो आणि पिल्लांना वर्षभर अन्न पुरते, त्याच गुणामुळे तेलही तिथे वर्षानुवर्षे मुरत राहते.

माणसाचे उपायही इथे तोकडे पडतात. पाण्यावर तेल अडवायला बूम नावाचे तरंगते कुंपण लावतात, आणि अडवलेले तेल स्किमर यंत्राने उपसतात. पण प्रवाहाचा वेग सेकंदाला सुमारे ३५ सेंटिमीटरच्या पुढे गेला की तेल बूमच्या खालून निसटू लागते. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या वेळी प्रवाह याच्या कितीतरी पट वेगाने धावतो, वर पावसाळी लाटा. म्हणूनच जगभरचा अनुभव असा आहे की समुद्रात सांडलेल्या तेलापैकी १०-१५ टक्क्यांहून अधिक तेल परत मिळणे दुर्मीळ असते. तेल फोडून पाण्यात मिसळवणारी रसायने खोल समुद्रात उपयोगी पडतात. उथळ खाडीत ती तेलाला थेट पिल्लांच्या वस्तीत नेऊन सोडतात. वाळूवरचे तेल फावड्याने उचलता येते, खडक धुता येतात. खारफुटीत मात्र सफाईला माणसे उतरवली तर त्यांच्या पायांखाली मुळे मोडतात आणि तेल आणखी खोल दाबले जाते. तिथे अनेकदा निसर्गावर सोडून देण्यापलीकडे काही करता येत नाही.

आजार होऊ न देणे हाच या दुखण्यावरचा औषधोपचार आहे. खर्च, कायदा, शिस्त, जे काही करायचे ते तेल सांडण्याच्या आधी करायला हवे.

आधी करायच्या गोष्टी

आधी केलेल्या गोष्टी फळाला येतात, हे सिद्ध झाले आहे. १९७० च्या दशकात जगभरात टँकरमधून ७०० टनांहून अधिक तेल सांडण्याच्या घटना वर्षाला सरासरी २४ च्या वर घडत. २०१० च्या दशकात ही सरासरी दोनच्या खाली आली, आणि या काळात समुद्रमार्गे होणारी तेलाची वाहतूक वाढलेलीच होती. १९८९ मध्ये अलास्कात एक्झॉन व्हाल्डीझ खडकावर आदळून सुमारे ३७ हजार टन तेल सांडले. त्यानंतर अमेरिकेने १९९० मध्ये कायदा केला, १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम बदलले, आणि टँकरना दुहेरी कवच सक्तीचे झाले. इतर जहाजांच्या इंधनटाक्यांनाही संरक्षण देण्याचा नियम आला, पण तो १ ऑगस्ट २०१० पासून नव्याने ताब्यात येणाऱ्या जहाजांसाठी. चित्राची टक्कर त्यानंतर सहा दिवसांनी झाली आणि ते जहाज त्याआधीचे होते.

भारतात समुद्रावरच्या तेलाशी लढण्याची मुख्य जबाबदारी तटरक्षक दलाकडे आहे. त्यासाठीची राष्ट्रीय योजना १९९० च्या दशकातच तयार झाली. प्रदूषण नियंत्रणासाठी खास बांधलेले समुद्र प्रहरी हे जहाज मुंबईत दलात दाखल झाले ते ऑक्टोबर २०१० मध्ये, चित्राच्या अपघातानंतर दोन महिन्यांनी. सांडलेले तेल कुठे सरकेल, याचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही समुद्रविज्ञान संस्था वारा आणि प्रवाहांच्या गणितावरून देते.

तरी पुढच्याच वर्षी इशारे मिळाले. जुलै २०११ च्या अखेरीस एमटी पवित हा एकही माणूस नसलेला टँकर ओमानच्या बाजूने वाहत वाहत मुंबईच्या जुहू-वर्सोवा किनाऱ्याला लागला. किनाऱ्याला भिडेपर्यंत त्याला कोणी अडवले नाही. ४ ऑगस्ट २०११ रोजी एमव्ही रॅक कॅरियर हे जहाज ६० हजार टन कोळसा आणि सुमारे ३४० टन इंधनासह मुंबईजवळच्या समुद्रात बुडाले. या प्रकरणी राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०१६ मध्ये जहाजमालकांवर १०० कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई बसवली. निकाल महत्त्वाचा होता, पण तो पाच वर्षांनी आला. इतक्या काळानंतर आपले नुकसान नेमके किती झाले, हे कोळ्याने कशाच्या आधारे सांगायचे?

त्यासाठीच अपघाताच्या आधीची नोंद लागते. अमुक खाडीत एका चौरस मीटरमध्ये किती शिंपल्या होत्या, किती खेकडे होते, कोळंबीचे पीक किती निघत होते, याची दरवर्षी मोजणी झाली असेल तरच नुकसानीचा पंचनामा खरा होतो. शेतकऱ्याच्या गारपिटीचा पंचनामा सातबाऱ्यावरच्या पिकाच्या नोंदीवर उभा राहतो. खाडीवर पोट भरणाऱ्या बाईच्या नावावर अशी कोणतीच नोंद नसते.

प्रत्येक खाडीचा नकाशा हवा आणि कोणत्या मुखावर आधी बूम लावायची, हे त्यावर ठरलेले हवे. बूम मुंबईच्या गोदामात असून भागणार नाही, ती उरण, मुरूड, दाभोळ, मालवणलाही हवी. कोळ्यांना ती टाकण्याचे शिक्षण आणि मेहनताना मिळायला हवा, कारण उधाण कधी आणि प्रवाह कुठे वळतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. पावसाळ्यात जुनी, विम्याची खात्री नसलेली जहाजे आपल्या किनाऱ्याजवळ येऊ देताना कसून तपासणी हवी.

आपल्या नद्यांच्या वाटेने

हिंगोलीच्या माणसाने यात काय करायचे? समुद्रातले सगळे तेल जहाजांतून येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०२२ च्या अहवालानुसार उत्तर अमेरिकेभोवतीच्या समुद्रात मानवी कारणाने जाणाऱ्या तेलात सर्वांत मोठा वाटा जमिनीवरून वाहून येणाऱ्या तेलाचा आहे. रस्ते, गॅरेज, कारखाने, गटारे, नद्या अशी त्याची वाट असते. आपली वाट तर ठरलेलीच आहे. कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. पूर्णाही गोदावरीलाच मिळते. आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला भेटते तिथे, आंध्रातल्या काकिनाड्याजवळ, कोरिंगाची विस्तीर्ण खारफुटी आहे. त्या परिसरातही खनिज तेल आणि वायूच्या विहिरी आहेत.

गॅरेजमध्ये ट्रॅक्टरचे, जीपचे, मोटारसायकलचे ऑइल बदलले की जळके ऑइल उरते. काही वाळवीपासून लाकूड वाचवायला जाते, बाकीचे बऱ्याच ठिकाणी नालीत. हे सगळे कोरिंगापर्यंत पोहोचत नाही. बराचसा भाग वाटेतच गाळाला चिकटतो, म्हणजे आधी आपल्याच डोहातले मासे आणि आपल्याच विहिरींचे पाणी नासते. जळके ऑइल घातक कचऱ्यात मोडते, ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे लागते. १ एप्रिल २०२४ पासून वंगण तेल विकणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या तेलाच्या विल्हेवाटीची जबाबदारीही टाकली आहे. नगरपालिकेने आणि बाजार समितीने प्रत्येक तालुक्याला जळके ऑइल गोळा करण्याची एक जागा ठरवली, गॅरेजवाल्याला त्याचे दोन पैसे मिळू लागले, तर ते नालीत ओतण्याचे कारणच उरणार नाही.

आपल्या आठवडी बाजारात विकले जाणारे सुकट आणि सुके बोंबील त्याच किनाऱ्यावरून येतात, जिथून आपले डिझेल येते. अन्न आणि इंधन दोन्ही घेणाऱ्याने त्या किनाऱ्याच्या सुरक्षिततेबद्दल बोलायला हवे. कोकणातल्या खाड्यांची दरवर्षी मोजणी व्हावी, बूम खेडोपाडी पोहोचाव्यात, कोळ्याला भरपाई वेळेत मिळावी, या मागण्या विधिमंडळात फक्त किनाऱ्यावरच्या आमदारांनी मांडायच्या नसतात. मराठवाड्यातूनही हा आवाज उठायला हवा, आणि तो पुढचे जहाज कलंडण्याच्या आधी उठायला हवा. एकदा तेल तिवराच्या मुळाशी पोहोचले की ते बाहेर काढणे माणसाच्या हातात राहत नाही.